इन-स्टेट ट्यूशन : एच-४ वरच्या मुलांच्या वर्षभराचं गणित

रानजाई
दरवर्षी ॲडमिशनची पत्रं आली की अमेरिकेत एच-४ वर (एच-१बीसारख्या नोकरीच्या व्हिसावरच्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) असलेल्या मुलाला सरकारी विद्यापीठात इन-स्टेट, म्हणजे त्या राज्याच्या निवाशाची कमी फी, लागेल का, हाच प्रश्न चार धाग्यांवर चार तऱ्हांनी विचारला जातो, आणि उत्तरं येईपर्यंत तारीख टळून गेलेली असते. म्हणून एकदाच सगळं इथे लिहूया.

पैशाचा अंदाज आधी. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात (पुढे यूसी) २०२४-२५ साली बाहेरच्या विद्यार्थ्याला नेहमीच्या फीवर वर्षाला ३४,२०० डॉलर जादा होते. ॲन आर्बरच्या मिशिगन विद्यापीठात आउट-ऑफ-स्टेट फी राज्यातल्या फीच्या तिपटीहून जास्त. चार वर्षांचा गुणाकार ज्याचा त्याने करावा.

पहिला गैरसमज : "आम्ही इथे दहा वर्षं राहतोय, म्हणजे आम्ही रेसिडेंट." राहणं आणि निवासी ठरणं यांत अंतर आहे. विद्यापीठ बघतं ते असं, की तुमचं इमिग्रेशन स्टेटस तुम्हाला अमेरिकेत कायमचं घर करण्याचा हेतू बाळगू देतं का? एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) ची कायद्यातली व्याख्याच अशी आहे की मायदेशी घर आहे आणि ते सोडण्याचा इरादा नाही. मग तोच माणूस "टेक्सास माझं कायमचं घर" असं कसं म्हणणार? एच-१बी आणि एल (कंपनीतल्या बदलीचा व्हिसा) यांना ही अट नाही. त्यांना दुहेरी हेतू (आत्ता तात्पुरतं, पुढे कायमचं राहण्याचा) ठेवता येतो, आणि त्यांच्यामागून एच-४, एल-२ वरच्या कुटुंबालाही. म्हणून बहुतेक मोठ्या राज्यांत एच-४ वरचं मूल आईवडिलांच्या निवासावर इन-स्टेट ठरू शकतं.

दुसरा गैरसमज उलट्या बाजूचा : "एच-४ ला फाफ्सा भरता येत नाही, म्हणजे इन-स्टेटही नाही." फाफ्सा हा केंद्र सरकारच्या शिक्षण-मदतीचा अर्ज, दोन्हींचा संबंध नाही. केंद्र सरकारची मदत मिळणार नाही, इन-स्टेट दर मिळू शकतो.

गणिती
छान सुरुवात. तारखांचं मी लिहितो, कारण निम्मे अर्ज तिथेच आपटतात.

"१२ महिने" सगळीकडे आहे, पण कुठल्या तारखेपासून मागे मोजायचे ते प्रत्येकाचं वेगळं. टेक्सासमध्ये सेन्सस डेट, म्हणजे नेहमीच्या १६ आठवड्यांच्या सत्रात वर्गाचा बारावा दिवस. फ्लोरिडात सत्राचा पहिला दिवस. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत (सीएसयू) फॉल (ऑगस्ट-सप्टेंबरच्या) सत्रासाठी थेट २० सप्टेंबर. यूसीमध्ये वर्ग सुरू होण्याच्या तारखेआधी सलग ३६६ दिवस, आणि यूसीचे बर्कली आणि मर्सेड हे दोन कॅम्पस सेमिस्टरवर चालतात, ऑगस्टअखेर सुरू होतात. क्वार्टरवाले सप्टेंबरच्या शेवटी.

उदाहरण. एक कुटुंब ५ सप्टेंबर २०२५ ला ह्यूस्टनहून सॅन होजेला आलं, मुलगी फॉल २०२६ ला कॉलेजात जाणार. सॅन होजे स्टेट : ३८० दिवस भरतात, ठीक. यूसी सॅन डिएगो : ठीक. बर्कली : काही दिवस कमी! फॉलला बाहेरचा दर भरायचा आणि स्प्रिंगसाठी पुनर्वर्गीकरणाचा (बाहेरच्याऐवजी निवासी ठरवण्याचा) अर्ज करायचा. तेच कुटुंब १५ ऑगस्टला आलं असतं तर हा प्रश्नच नव्हता. कंपनी "जॉइनिंग डेट तुमच्या सोयीने घ्या" म्हणते तेव्हा हे आठवावं.

आणि यूसीत ३६६ दिवस नुसत्या मुक्कामाचे नाहीत, हेतूचेही आहेत. ऑगस्टमध्ये आलात पण जुन्या राज्याचं लायसन्स डिसेंबरपर्यंत खिशात ठेवलंत, तर तपासणारा म्हणणार, हेतू डिसेंबरपासून. कॅलिफोर्नियाचा नियम असा की निवासी झाल्यावर १० दिवसांत लायसन्स आणि २० दिवसांत गाडीची नोंदणी. टेक्सासमध्ये लायसन्सला ९० दिवस, गाडीला ३०. "नंतर करू" म्हणून हे ढकलू नका. नवं घर मिळालं की दुसरं काम हे.

खलबत्ता
आमच्या महाराष्ट्रात डोमिसाइलला १५ वर्षं लागतात, इथे एकाच वर्षात होतंय हे काय कमी आहे :)

एक विचारायचं होतं. पुण्याहून एमएसला येणारा मुलगा आहे, मामा डॅलसला १२ वर्षं सिटिझन. मामाच्या पत्त्यावर वर्षभर राहिला तर दुसऱ्या वर्षी इन-स्टेट होईल का? बरेच जण "होतं" म्हणतात.

रानजाई
नाही होत. मुलगा एफ-१ वर आहे, तिथेच विषय संपतो. मामाचं घर, मामाचं सिटिझनशिप, मामाने भरलेली फी, यातलं काही कामाचं नाही. मोजलं जातं ते आई, वडील किंवा कोर्टाने नेमलेला पालक यांचं. फी वाचवायला म्हणून नात्यातल्या कुणाला गार्डियन करणं हा प्रकार रेसिडेन्सी ऑफिसं रोज बघतात, त्यांना नवा नाही.

अटक_ते_ऑस्टिन
खलबत्ता, मामा विसरा, पण टेक्सासमध्ये एमएस-पीएचडीवाल्यांना दोन सरळ रस्ते आहेत आणि दोन्ही व्हिसावर अवलंबून नाहीत.

एक, विद्यापीठाची स्पर्धात्मक स्कॉलरशिप. वर्षाला किमान १,००० डॉलरची, आणि टेक्सासच्या विद्यार्थ्यांशीही स्पर्धा करून मिळालेली असेल, तर विद्यापीठ बाहेरच्याला इन-स्टेट दर लावू शकतं. संख्येवर मर्यादा आहे (आदल्या वर्षीच्या पटाच्या ५ टक्के), त्यामुळे हक्क म्हणून मागता येत नाही. ऑफर लेटरमध्ये "१,००० डॉलर स्कॉलरशिप" एवढंच दिसलं म्हणून नाक मुरडू नका, तिच्या मागे फीमधली केवढी तरी सूट असू शकते. दुसरा, टीए किंवा आरए (शिकवण्यात किंवा संशोधनात मदतनीसाची नोकरी). पदवीशी संबंधित अर्धवेळ काम असेल तर निवासी दर लागतो.

आता टेक्सासच्या एच-४ वाल्यांसाठी. इथे स्टेट इन्कम टॅक्स नाही, म्हणजे इतर राज्यांत जो सगळ्यात भक्कम पुरावा, तोच नाही. डोमिसाइल *सिद्ध करणारे* पुरावे वेगळे आणि राहणं *दाखवणारे* वेगळे, असे दोन गट आहेत. पहिल्या गटात सलग १२ महिन्यांची नोकरी, स्वतःच्या नावचं राहतं घर, स्वतःचा धंदा अशी मोजकी नावं. लीज, वीजबिल, लायसन्स हे दुसऱ्या गटातले. नुसतं दुसऱ्या गटाचं बाड दिलं की अर्ज परत येतो आणि लोक चक्रावतात, "इतकी कागदपत्रं दिली तरी?" पहिल्या गटातलं एक लागतंच.

वडिलांचा ले-ऑफ झाला तर नोकरीची साखळी तुटते. (एच-१बी ला नवीन नोकरीसाठी जास्तीत जास्त ६० दिवस, ते वेगळं टेन्शन.) घर नावावर असेल तर त्याचा आधार घेता येतो.

सांजवारा
कागदांवरून एक महत्त्वाचं. सगळ्यात जास्त घात करतो तो डब्ल्यू-२ (कंपनी दरवर्षी देते तो पगार आणि टॅक्सचा फॉर्म). फॉर्मच्या तळाशी रकाना १५ असतो, त्यात राज्याचं नाव, १६ मध्ये त्या राज्यातलं वेतन, १७ मध्ये कापलेला टॅक्स. वडील न्यू जर्सीच्या ऑफिसचे, घरून काम करतात, घर नॉर्थ कॅरोलायनात, आणि रकाना १५ मध्ये वर्षभर फक्त एनजे. रेसिडेन्सीच्या फाइलमध्ये हे एक पान बाकीच्या वीस पानांना खोटं पाडतं.

घर बदललं त्याच आठवड्यात पेरोलला नवा पत्ता द्या आणि *पुढच्या पे-स्टबवर (पगाराच्या चिठ्ठीवर) राज्याची ओळ बदलली का ते डोळ्यांनी बघा*. एचआरच्या पोर्टलवर पत्ता बदलला म्हणजे पेरोलमध्ये बदलला असं नव्हे, ही दोन वेगळी खाती असतात.

एच-१बी वाल्यांना याची दुसरी बाजू. कामाची जागा वेगळ्या महानगर क्षेत्रात गेली तर सुधारित पिटिशन लागतं, २०१५ च्या सिमिओ निर्णयापासून हे स्पष्ट आहे. घरून काम म्हणजे घर हीच कामाची जागा. मग एलसीएवर (एच-१बी साठी कंपनी कामगार खात्याला देते तो कागद) जुनं शहर आणि रेसिडेन्सीच्या अर्जावर नवं, अशी विसंगती फक्त फीपुरती राहत नाही.

फुलपाखरू
टॅक्स रिटर्नचं पण लिहा ना कुणीतरी. वर्षाच्या मध्ये राज्य बदललं तर?

सांजवारा
दोन्ही राज्यांत पार्ट-इयर रिटर्न. कॅलिफोर्नियात पूर्ण वर्षाच्या निवाशाला फॉर्म ५४०, अर्धवट वर्षाला ५४०एनआर. नावात "एनआर" बघून लोक बिचकतात आणि चुकून ५४० भरतात. ५४०एनआर मध्ये कुठल्या तारखेला राज्यात आलात ते लिहायचं असतं, ती तारीख लीज आणि पे-स्टबशी जुळली की उलट तोच तुमचा उत्तम पुरावा. सीपीएकडून (टॅक्सच्या हिशेबनिसाकडून) करून घेत असाल तर ती तारीख स्वतः तपासा. बऱ्याचदा सोयीची म्हणून महिन्याची पहिली तारीख टाकलेली असते.

गणिती
+१. चार कागदांवर चार तारखा असल्या की तपासणारा सगळ्यात उशिराची धरतो.

रानजाई
आता एक सावधगिरी, जी प्रत्येक यादीखाली लाल अक्षरांत छापायला हवी. पुराव्यांच्या याद्यांमध्ये "व्होटर रजिस्ट्रेशन" असतं. फ्लोरिडाच्या पहिल्या यादीतही आहे. व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असाल तर त्याला हात लावायचा नाही. नागरिक नसताना मतदार नोंदणी करणं इमिग्रेशनच्या दृष्टीने अतिशय गंभीर आहे, देशाबाहेर काढण्यापर्यंत जाऊ शकतं.

हे घडतं कसं? १८ वर्षांचं पोर लायसन्सला डीएमव्हीत जातं. काउंटरवरचा माणूस किंवा स्क्रीन भराभर प्रश्न विचारते : अवयवदान? मतदार नोंदणी? पत्ता बरोबर? पोर तिन्हीला "यस" म्हणून मोकळं. त्याला वाटतं अमेरिकेत १८ झालो की करायचं असतं, वर्गातल्या सगळ्यांनी केलंय. घरातून निघण्याआधी त्याला हे दोन वाक्यांत सांगा, आणि प्रिंट हातात आल्यावर सहीआधी तो चौकोन रिकामा आहे ना ते बघायला सांगा.

अटक_ते_ऑस्टिन
फ्लोरिडाचा विषय निघालाच आहे तर : तिथे दोन कागद लागतात, पैकी किमान एक पहिल्या यादीतला. त्यात मतदार नोंदणीखेरीज लायसन्स, गाडीची नोंदणी, कायमच्या घराचा पुरावा, फ्लोरिडातल्या हायस्कूलचं दोन किंवा जास्त वर्षांचं ट्रान्सक्रिप्ट, १२ महिन्यांची पूर्णवेळ नोकरी असं बरंच आहे. त्यामुळे मतदार कार्डाविना काही अडत नाही. व्हिसांची यादीही त्यांनी नावं घेऊन दिली आहे. एच-४ चालतो, पण एच-१बी किंवा एच-१सी धारकाच्या कुटुंबाचाच. "एच-४ म्हणजे एच-४" असं नाही, एच-३ च्या कुटुंबालाही एच-४ च मिळतो.

खलबत्ता
टेक्सासमध्ये २०२५ साली कोर्टाने काहीतरी बंद केलं म्हणे. व्हॉट्सॲपवर "सगळ्या व्हिसावाल्यांचं इन-स्टेट गेलं" असं फिरतंय.

अटक_ते_ऑस्टिन
व्हॉट्सॲप विद्यापीठाची फी शून्य, म्हणून दर्जाही तसाच.

२००१ च्या कायद्याने टेक्सासमध्ये हायस्कूल संपण्याआधी ३६ महिने राहिलेल्या आणि तिथूनच हायस्कूल पूर्ण केलेल्या मुलांना, कागदपत्रं नसली तरी, इन-स्टेट मिळत होतं. जून २०२५ मध्ये केंद्रीय न्यायालयाने कायदेशीर वास्तव्य नसलेल्यांपुरतं ते थांबवलं. फ्लोरिडानेही अशा मुलांची सूट १ जुलै २०२५ पासून काढली. वैध एच-४ हे कायदेशीर वास्तव्यच आहे, त्यांचा यात संबंध नाही. फरक इतकाच पडला की आता स्टेटसचा पुरावा जास्त बारकाईने मागितला जातो. आय-९४ (देशात कधीपर्यंत राहता येईल त्याची नोंद) आणि आय-७९७ (इमिग्रेशन खात्याची मंजुरीची किंवा पावतीची नोटीस) स्कॅन करून तयार ठेवा.

रानजाई
आणि आय-९४ ची *तारीख वाचा*. भारतीय लहान मुलांचा पासपोर्ट साधारण ५ वर्षांचा असतो. व्हिसा किंवा आय-७९७ तीन वर्षांचं असलं तरी पासपोर्ट आधी संपत असेल तर विमानतळावरचा अधिकारी आय-९४ पासपोर्टच्या तारखेपर्यंतच देऊ शकतो. आईवडिलांचं २०२८ पर्यंत, मुलाचं २०२६ च्या मार्चपर्यंत, आणि घरात कुणाच्या लक्षात नाही. मग रेसिडेन्सी ऑफिस विचारतं तेव्हा कळतं की मुलाचं स्टेटस पाच महिन्यांपूर्वीच संपलंय. भारतातून परत आलात की आठवडाभरात प्रत्येकाचं आय-९४ वेबसाइटवरून वेगवेगळं उतरवून बघायचं. पासपोर्ट वर्षभरात संपणार असेल तर प्रवासाआधीच कॉन्सुलेटकडून नवा.

फुलपाखरू
मुलगा कॉलेजात असताना २१ चा झाला तर? एच-४ संपणार, एफ-१ घ्यावा लागणार. मग वरच्या नियमाने तो बाहेरचा?

गणिती
हाच या धाग्यातला सगळ्यात अवघड भाग. नियमाकडे बघितलं तर हो, एफ-१ झाला की निवासाचा पाया जातो आणि वर्गीकरण पुन्हा तपासलं जाऊ शकतं. कॅलिफोर्नियात तर दोन्हीकडून कोंडी. एबी ५४० या २००१ च्या कायद्याने तिथल्या हायस्कूलात तीन वर्षं शिकून ते पूर्ण केलेल्यांना जादा फी माफ आहे, पण त्याच्या मजकुरातच नॉन-इमिग्रंट व्हिसावाले वगळले आहेत (गुन्ह्याला बळी पडलेल्यांचे टी आणि यू सोडून). म्हणजे बालवाडीपासून फ्रिमॉन्टमध्ये शिकलेली मुलगी एच-४ असेपर्यंत आईवडिलांच्या जोरावर निवासी, आणि एफ-१ झाली की हा दरवाजाही बंद.

म्हणून जन्मतारीख घेऊन आत्ताच मोजा. फेब्रुवारीतला जन्म, १८ व्या वर्षी प्रवेश, तर तिसऱ्या वर्षाच्या मध्यावर २१. उरलेल्या दीड वर्षाची जादा फी किती, हे कॉलेज निवडतानाच गणितात धरा. एपीचे (हायस्कूलातच घेतलेल्या कॉलेज-पातळीच्या विषयांचे) क्रेडिट घेऊन तीन वर्षांत पदवी संपवणं इथे खरोखर पैशाचं ठरतं.

ग्रीन कार्डची रांग पुढे असेल तर सीएसपीएचं (मुलांचं वय धरण्याच्या कायद्यानुसारचं) वय काढा : प्रायॉरिटी डेट चालू झाली (रांगेत नंबर लागला) त्या दिवशीचं वय, वजा आय-१४० (कंपनीने ग्रीन कार्डसाठी केलेला अर्ज) जितके दिवस प्रलंबित होतं तितके दिवस. १५ ऑगस्ट २०२५ पासून यूएससीआयएस (इमिग्रेशन खातं) यासाठी पुन्हा फक्त फायनल ॲक्शन डेटचा (ग्रीन कार्ड प्रत्यक्ष मिळू शकतं त्या तारखांचा) तक्ता धरतं, आधी दाखल केलेल्यांना जुना हिशोब. आय-१४० प्रीमियमने (जादा फी भरून लवकर) १५ दिवसांत झालं याचा आनंद मानणाऱ्यांनी लक्षात घ्या, वजा करायला तेवढेच दिवस मिळतात.

सांजवारा
मिशिगनवाल्यांना इथे थोडं बरं आहे. ॲन आर्बरला शाळेच्या हजेरीवरचा स्वतंत्र रस्ता आहे : मिशिगनमध्ये हायस्कूलची शेवटची तीन वर्षं, त्याच्या लगेच आधी मिडल स्कूलची दोन, तिथूनच हायस्कूल पूर्ण, आणि त्यानंतर २८ महिन्यांत प्रवेश. सातवी-आठवी दुसऱ्या राज्यात झाली असेल तर हा रस्ता नाही, मग आईवडिलांच्या निवासावर. आणि ॲन आर्बरचं ऑफिस कडक आहे. "अर्जात इन-स्टेटवर टिक केली होती" यावर निवांत राहू नका.

खलबत्ता
व्हिसावाल्यांना इन-स्टेट देतात ते राज्याची मेहेरबानी, की हक्क आहे?

गणिती
मेहेरबानी नव्हे. मेरीलँड विद्यापीठ जी-४ व्हिसावरच्या, म्हणजे वर्ल्ड बँकेसारख्या संस्थांच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांना सरसकट नाकारत होतं. टोल विरुद्ध मोरेनो, १९८२ : सर्वोच्च न्यायालय म्हणालं की केंद्राने ज्यांना इथे घर करू दिलंय त्यांच्यावर राज्याने जादा ओझं लादायचं नाही. त्याआधी १९७३ मध्ये कनेक्टिकटच्या व्लांडिस खटल्यात ठरलं होतं की "अर्ज करताना बाहेरचा, म्हणजे शिक्षण संपेपर्यंत बाहेरचाच" असं कायमचं गृहीत धरता येत नाही. आपण पुनर्वर्गीकरणाचा फॉर्म भरतो त्याच्या मुळाशी हे आहे. अर्थात सिद्ध करण्याची जबाबदारी आपलीच.

फुलपाखरू
आणि नाकारलं तर?

रानजाई
नकाराच्या पत्रात अपिलाची मुदत असते आणि ती छोटी असते. पत्र मुलाच्या विद्यापीठाच्या ईमेलवर येतं, घरी नाही. पोरं ते इनबॉक्स बघत नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

अपिलात भावना नको. "आम्ही टॅक्स भरतो, मुलगी हुशार आहे" याचा उपयोग शून्य. पत्रात नेमका कुठला मुद्दा पडला ते शोधायचं (मुक्काम, हेतू की स्टेटस) आणि त्या एकाच मुद्द्यावर त्या काळातला कागद लावायचा. काळ महत्त्वाचा. नकारानंतर काढलेलं लायसन्स गेल्या वर्षीचा हेतू सिद्ध करत नाही. मधले दोन महिने भारतात होतात? तिकिटं, त्या काळात चालू असलेली लीज, येतानाचा शिक्का, एका पानावर तारखांचा तक्ता. तक्ता वरच ठेवा, वाचणाऱ्याच्या टेबलावर तशा शेकडो फाइली असतात.

फी भरायची तारीख अपिलाच्या निकालाआधी आली तर फी थकवू नका, नाव कमी होतं. बाहेरच्या दराने भरा किंवा हप्त्यांची सोय विचारा. निकाल बाजूने लागला तर परतावा कसा मिळेल, तेही त्याच ईमेलमध्ये विचारून ठेवा.

अटक_ते_ऑस्टिन
नॉर्थ कॅरोलायनात विद्यापीठाकडे जाऊच नका, तिथे आरडीएस ही एकच केंद्रीय सेवा सगळ्या सरकारी कॉलेजांचं ठरवते. एकदा अर्ज, एक प्रमाणपत्र क्रमांक, तोच सगळीकडे. घाईत भरलेला एक चुकीचा महिना मग सगळ्याच कॉलेजांत तुमच्या आधी पोचतो.

खलबत्ता
कुठेच बसत नसेल तर?

सांजवारा
पश्चिमेकडच्या राज्यांत डब्ल्यूयूई (त्या राज्यांची फी-सवलतीची योजना) बघा, त्या पट्ट्यातल्या इतर राज्यांतल्या मुलांना इन-स्टेटच्या जास्तीत जास्त दीडपट दर. मात्र सगळी कॉलेजं, सगळे कोर्स त्यात नसतात, कॉम्प्युटर सायन्स वगळलेलं बऱ्याचदा दिसेल. शिवाय मुळात त्या पट्ट्यातल्या कुठल्यातरी राज्याचे निवासी ठरावं लागतंच. दक्षिणेत ॲकॅडेमिक कॉमन मार्केट, ईशान्येत न्यू इंग्लंडची अशीच योजना.

दोन-तीन महिने कमी पडत असतील तर कम्युनिटी कॉलेज. कॅलिफोर्नियात निवाशाला युनिटमागे ४६ डॉलर. पहिलं सत्र बाहेरच्या दराने घ्यावं लागलं तरी यूसीच्या जादा आकाराच्या तुलनेत किरकोळ. पण हे एच-४, ग्रीन कार्डवाल्यांसाठी. एफ-१ वर तिथे दोन वर्षं काढली तरी वर्षाचं घड्याळ सुरूच होत नाही.

फुलपाखरू
एफ-१ वरून मध्येच ग्रीन कार्ड झालं तर?

गणिती
स्टेटस पात्र झालं त्या दिवसापासून मोजायचं, मागचे दिवस धरत नाहीत. टेक्सासमध्ये आय-४८५ (ग्रीन कार्डचा शेवटचा अर्ज) दाखल झाल्याची आय-७९७ पावतीही चालते, कार्ड हातात यायची वाट बघावी लागत नाही. पावतीवरची रिसीव्हड डेट बघा, नोटीस डेट नव्हे. दोन्हींत कधीकधी तीन आठवड्यांचा फरक असतो.